दोन मामा आणि राजी मावशीचा भाऊ

आमच्या घरी पत्रं अण्णा, म्हणजे माझे वडील, आणायचे. बहरीनमध्ये पोस्टमन दारात येत नाही, तेव्हाही येत नसे. पत्रं कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडायची आणि अण्णा ती सित्र्याहून, कामावरून परतताना डब्याच्या पिशवीत घालून आणायचे, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक पत्राला थोडा लोणच्याचा वास लागलेला असे. कामगारांची बस आमच्या नईम मोहल्ल्याच्या कोपऱ्यावर थांबली की आई खिडकीत जाऊन उभी राहायची. अण्णा उतरून खाली मान घालून घराकडे निघाले तर पत्र नाही. उतरल्या उतरल्या त्यांनी वर खिडकीकडे बघितलं तर पत्र आहे. मग आई गॅस बारीक करायची, पदराला हात पुसायची आणि मला म्हणायची, "शोभे, ठेव ते पुस्तक. मामांचं आलंय."

पत्रं खरं म्हणजे आम्हांला लिहिलेली नसायचीच. ती जायची माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. आईचे वडील, आमचे आबा, स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलांची पत्रं ते आधी एकटे वाचायचे, मग घरात मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि चार-सहा साठली की मूळ पत्रंच लखोट्यात घालून मुलीला धाडायचे. धाडण्याआधी लाल पेन्सिलीनं त्यांवर शेरे मारायचे. थोरले शिवाजीमामा चार ओळींच्या पुढे जात नसत. "इकडील सर्व ठीक. जेवण वेळेवर मिळते. काळजी नसावी." त्या "काळजी नसावी"खाली लाल रेघ आणि समासात आबांचं बारीक अक्षर : "हात हललेला आहे. ताप असावा." धाकट्या आनंदामामाचं उलट होतं. त्याला कागद पुरायचा नाही. तिथली लाल माती, गुडघाभर उंचीचे गवताचे बांध, उथळ विहिरी, ताडाच्या पानांची कुंपणं, कुठल्या झाडावर कसला पक्षी बसला, सगळं लिहायचा. आणि समासात आबा : "गस्तीचे काही लिहीत नाही. म्हणजे गस्त चालू आहे."

दोघे भाऊ श्रीलंकेत होते. तिथे तमिळ पोरं आणि तिथलं सरकार यांचं आपसातलं युद्ध पेटलेलं होतं. मध्ये पडून शांतता राखायची म्हणून आपली फौज गेली होती, आणि थोड्याच महिन्यांत त्या पोरांशीच लढायची वेळ तिच्यावर आली होती. हे मला आज दोन वाक्यांत सांगता येतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला एवढंच कळत होतं की मामा जिथे आहेत तिथली गोष्ट घराबाहेर काढायची नाही. तसं आईनं बजावलं होतं. कारण आमच्या डोक्यावरच राहत होतं.

वरच्या मजल्यावर राजी मावशी राहायची. ती जाफन्याकडची तमिळ. नवरा विमानतळाच्या किचनमध्ये शिफ्टवर, मुलगी वाणी दोन वर्षांची. वाणी दिवसातला निम्मा वेळ आमच्या घरात असायची आणि तिला पहिला मराठी शब्द आला तो "भाकरी". आईला इंग्रजी येत नव्हतं, मावशीला मराठी. दोघींची हिंदी दोन वेगवेगळ्या भाषा वाटाव्यात अशी होती, आणि ती अडली की मधे खलास, मफी, यल्ला असे इथले अरबी शब्द यायचे. दूध संपलं की "अक्का, दूध मफी" म्हणत मावशी दारात उभी राहायची. अक्का हा शब्द तिच्याकडेही होता आणि आमच्याकडेही, याचं दोघींना मोठं अप्रूप. बाकी साधं बोलणं त्या निभावून न्यायच्या, पण काही महत्त्वाचं असलं की मला हाक यायची. आई मराठीत सांगणार, मी इंग्रजीत. मावशी इंग्रजीत उत्तर देणार, मी मराठीत. शाळेत मी बोलायला बुजायची, पण त्या दोघींच्या मधे बसले की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. आज इथेच, बहरीनमधल्या बुसैतीनच्या माझ्या घरात मुलगा माझं मराठी ऐकतो आणि उत्तर इंग्रजीत देतो. भाषांतराचं काम काही सुटलं नाही.

तर त्या मधे बसण्यातूनच माझ्या तोंडून एक खोटं गेलं होतं. मावशीनं एकदा सहज विचारलं, तुझे भाऊ सैन्यात कुठे असतात? आईनं पीठ मळता मळता मला सांगितलं, "पंजाब म्हण." मी म्हटलं, पंजाब. मग आईनं तिच्या माहेरची चौकशी केली. मावशी म्हणाली, आई गावी एकटी आहे आणि धाकटा भाऊ सूरी मद्रासला इंजिनिअरिंग शिकतो. तेही मी भाषांतर करून आईला दिलं. आई म्हणाली, "बरं झालं बाई, तिथनं लांब आहे पोरगा."

एका शुक्रवारी सकाळी आनंदामामाचं पत्र मी आईला दुसऱ्यांदा वाचून दाखवत होते. त्यात त्यानं लिहिलं होतं, की इथल्या बाया तांदळाच्या पिठाच्या शेवया गोल चकतीसारख्या पाडून वाफवतात आणि नारळाच्या पिवळ्या रसात बुडवून खातात. कॅम्पशेजारच्या एका घरातून नाश्त्याच्या वेळी तो वास येतो आणि मग आपल्या ताटातली पुरी गोड लागत नाही. तेवढ्यात दार वाजलं. मावशी हातात झाकलेलं पातेलं घेऊन उभी. झाकण काढलं तर आत शेवयांच्या पांढऱ्या चकत्या आणि नारळाचा पिवळा रस. माझ्या हातात पत्र तसंच उघडं होतं. "व्हॉट लेटर?" तिनं हसून विचारलं. मी म्हटलं, गावाहून आलंय, आजोबांचं. ती गेल्यावर आईनं ताटात एक चकती वाढून घेतली आणि किती तरी वेळ नुसती बघत बसली. "त्या घरातली माणसं कुठं असतील गं?" ती म्हणाली. मला वाटलं शेवयांच्या चवीबद्दल काहीतरी बोलतेय. पुष्कळ वर्षांनी कळलं की ती कॅम्पशेजारच्या घराबद्दल विचारत होती.

तार आली ती दुपारी. अण्णा जेट्टीवर कामाला गेले होते म्हणून कंपनीच्या ड्रायव्हरनं ती घरी आणून दिली. त्यालाही इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी शाळेच्या बसमधून उतरले तेव्हा आमचं दार सताड उघडं, गॅसवर वरण उतू गेलेलं, आणि वरच्या जिन्यात आईच्या चपलांचा आवाज. मी धावले, पण एक जिना मागे राहिले. वर पोचले तेव्हा तार मावशीच्या हातात होती.

तिनं आधी पूर्ण वाचली. मग आईचा दंड धरला आणि आपल्या त्या मोडक्या हिंदीत सावकाश म्हणाली, "अक्का, तुम्हारा भाई शिवाजी. उसको लगा है. पैर में. जिंदा है. सुनो, जिंदा है. मद्रास हॉस्पिटल में." आई भिंतीला टेकली. मावशीनं तिला पाणी आणून दिलं, ते पिऊन होईपर्यंत पेल्याखाली हात धरला. आणि मग तारेकडे पुन्हा एकदा बघून तिनं माझ्याकडे मान वळवली. इंग्रजीत विचारलं, "इथे लिहिलंय, श्रीलंकेत जखमी. तो श्रीलंकेत काय करत होता?"

मी आईकडे बघितलं. तिला प्रश्न कळला होता, शब्द न कळता. ती म्हणाली, "सांग तिला. दोघंही तिथंच आहेत म्हणावं. आधीपासनं." मी सांगितलं. इतकं छोटं वाक्य मला आयुष्यात इतकं जड गेलं नसेल. मावशीनं तारेची पूर्वीच्याच घडीवर घडी घातली, ती आईच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. अगदी हळू लावलं.

त्यानंतरचे तीन आठवडे ती खाली आली नाही. सुरुंगावर पडलेला शिवाजीमामांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला हे आबांच्या पत्रातून कळलं. त्यात लाल पेन्सिल कुठेच नव्हती, पत्रच त्यांचं होतं. आई रडली, दोन दिवस जेवली नाही, मग कामाला लागली. पण भाकरी थापताना तिचं लक्ष छताकडे असायचं. वर खुर्ची सरकली, वाणी पळाली, नळ सुरू झाला, सगळं ऐकू यायचं. अण्णा म्हणायचे, "तिलाबी तिच्या माणसांचं असंल की. सोड आता." आई म्हणायची, "तिनं पाणी दिलं मला. कळल्यावर दार लावलं, पण पाणी आधी दिलं."

मग एक दिवस आनंदामामाचं पत्र आलं आणि ते वाचून झाल्यावर आईनं मला वर पाठवलं. निरोप असा होता : तुझ्या आईच्या घराचा पत्ता दे. माझा धाकटा भाऊ त्याच बाजूला आहे. जाऊन बघेल, म्हातारी कशी आहे ते कळवेल. मला वाटलं, यापेक्षा चांगला निरोप असूच शकत नाही. मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

मावशीनं मला आत घेतलं, कॉटवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिच्या आईचं पत्र येऊन पाच महिने झाले होते हे तिनंच सांगितलं. मग म्हणाली, "शोभा, मी माझ्या घराचा पत्ता सैनिकाला देऊ?"

"तो सैनिक नाही, आनंदामामा आहे," मी म्हटलं.

ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "सूरी मद्रासला नाही. तो कधीच मद्रासला गेला नाही. दोन वर्षांपूर्वी सायकल विहिरीपाशी ठेवून पोरांमध्ये गेला. पहिल्या वर्षी त्याची पत्रं यायची, लंडनच्या मामेभावाकडून फिरून. आम्ही बरे आहोत, आईला औषध घ्यायला सांग. एवढंच. आता तेही नाही." तिनं वाणीच्या केसांतून हात फिरवला. "ज्या घरातला मुलगा असा गेलाय त्या घराचं दार सैनिकानं वाजवावं, अशी चिठ्ठी मी लिहून देऊ का, तू सांग. जा, अक्काला हे सगळं सांग. मी सांगितलं तसंच सांग."

मी खाली आले आणि तसंच सांगितलं. आई निवडायला घेतलेले तांदूळ पुढ्यात ठेवून बसली होती. तिच्या मनात काय आलं असेल ते माझ्याही मनात आलं होतं. शिवाजीमामांच्या पायाखाली जे पुरलेलं होतं ते कुणीतरी पुरलेलं होतं. त्या कुणीतरीला आता एक नाव मिळालं होतं, आणि ते नाव आमच्या घरात वर्षभर प्रेमानं घेतलं जात होतं. आईनं तांदूळ शेवटपर्यंत निवडले. खडे बाजूला काढले. मग उठून वर निघाली. मी मागोमाग निघाले तर म्हणाली, "तू नको येऊस." तास-दीड तास ती वर होती. दोघी त्या अर्ध्या हिंदीत काय बोलल्या, कशा बोलल्या, मला कधीच कळलं नाही. आईनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परत आली तेव्हा वाणी तिच्या कडेवर होती आणि मावशी मागे, हातात आमचंच एक पातेलं घेऊन.

पत्ता मावशीनं दिला नाही. आईनंही पुन्हा मागितला नाही. पण त्या रविवारी आईनं आनंदामामाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, तिला ते लिहायला दुपार लागली. मी वाचलं होतं, म्हणून आठवतं. "कुठल्या घरात शिरायचं झालं तर आधी हाक मार. म्हातारी बाई असली तर तिला उभी ठेवू नको, बसू दे. विहिरीवर बाया असल्या तर लांब थांब. असं का ते विचारू नको. तुझी ताई सांगती म्हणून कर."

उत्तर दोन महिन्यांनी आलं, आबांच्या हातून फिरून. आनंदामामानं लिहिलं होतं : "ताई, तुझं पत्र मी इथल्या चौघांना वाचून दाखवलं. आधी हसले. नंतर एक जण म्हणाला, परत वाच. परवा एका घरात म्हातारी एकटी होती. मी तिला हातानं खूण केली, बस म्हणून. ती बसेना. आम्हीच ओसरीवर बसलो, तेव्हा ती बसली. मग आम्हांला काही सुचेना. पाणी पिऊन आलो." त्या पत्रावर आबांचा एकही शेरा नव्हता. मी ते मावशीला इंग्रजीत करून सांगितलं. तिनं विचारलं, म्हातारी दिसायला कशी होती? ते त्यानं लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "पुन्हा सांग. बसली तिथपासून."

त्यानंतर वर्षभरात पुष्कळ गोष्टी झाल्या, ज्या वर्तमानपत्रांत आहेत आणि ज्यांच्याबद्दल मला माझं असं काही सांगायचं नाही. फौज परत आली. आनंदामामा धडधाकट घरी आला. मावशीच्या आईचं पत्र आलं. ती बहिणीच्या गावी निघून गेली होती, जिवंत होती. सूरीचं मात्र काही कळलं नाही. लंडनचा मामेभाऊही गप्प झाला. माणूस गेला असं कुणी सांगत नव्हतं आणि आहे असंही कुणी सांगत नव्हतं. मावशी हळूहळू बारीक होत गेली. वाणीला जेवू घालताना घास हातातच राहायचा आणि वाणी तोंड उघडं ठेवून बसायची.

त्या हिवाळ्यात अण्णांनी शिवाजीमामांना महिनाभर बहरीनला बोलावून घेतलं, हवापालट म्हणून. पाय नवा बसवलेला होता, त्याची अजून सवय नव्हती. मामा मुळातच अबोल. त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असे, मामींनाही, आबांनाही, मलाही : "पाय टाकला एवढं आठवतं. त्याच्यापुढं मद्रासच्या हॉस्पिटलाचं छत." आईनं त्यांना वरच्या मजल्यावरची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले. राग आला की नाही, काहीच दिसलं नाही. चार दिवस ते जिन्यात मावशीला येता-जाता बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, "तिला चहाला बोलव."

मावशी आली. खुर्चीच्या कडेवर बसली. मामांच्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखी समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मामांना फौजी हिंदी चांगली येत होती, तिच्याशी ते सरळ बोलू शकले असते. पण ते मराठीत बोलले, आणि बोलताना माझ्याकडे बघत राहिले.

"शोभा, हिला सांग. मी पडलो तेव्हा शुद्धीत होतो. बांधाच्या पल्याड एक पोरगा लपलेला होता, त्यानंच सुरुंगाची तार ओढली. तो उठला आणि ताडांच्या आडनं पळाला. आमच्या पोरांनी गोळ्या झाडल्या, पण लागली न्हाई. पार गेला तो. मी बघितला."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिच्या हातात चहाची किटली. ती मामांकडे बघत होती. मी सांगायला लागले. मावशीची नजर कॅलेंडरवरून खाली आली.

"केवढा होता?" तिनं विचारलं.

"अठरा-वीसचा," मामा म्हणाले.

"चष्मा होता?"

हे मी मराठीत सांगितल्यावर मामांनी पहिल्यांदा मावशीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "होता," ते म्हणाले. "पळताना एका हातानं धरला होता त्यानं."

मावशीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. त्यामागे ती हसत होती की रडत होती हे तेव्हाही सांगता आलं नसतं. मग उठली आणि मामांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या पायाकडे आता तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं. "सॉरी," ती म्हणाली. "अण्णा, सॉरी." तिच्या भाषेत अण्णा म्हणजे मोठा भाऊ. मामांनी हात जोडले आणि आईला म्हणाले, "चहा दे की तिला. उभी का ठेवलीस?"

ती वर गेल्यावर मी मामांजवळ गेले. "मामा, खरंच दिसला होता?"

ते पायाचे पट्टे सैल करत होते. "तू नीट सांगितलंस न्हवं तिला?"

"हो."

"मग झालं."

पुढे मावशीचं कुटुंब टोरांटोला गेलं. शिवाजीमामा वारले, नंतर आईही गेली. पत्रांच्या जागी फोन आले, फोनच्या जागी मोबाईलवरचे आवाजी निरोप, आणि गेल्या वर्षी त्यातलाच एक निरोप वाणीचा आला, मावशी गेल्याचा. मी लगेच फोन लावला. वाणीला आता मराठीतला एकही शब्द येत नाही, भाकरीसुद्धा नाही. ती म्हणाली, अम्मा शेवटच्या दिवसांत सारखं एकच सांगायची, सूरी निसटला, एका भारतीय सैनिकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, एका हातानं चष्मा धरून पळत होता. तीस-पस्तीस वर्षं तिनं दर वाढदिवसाला त्याच्या नावाचा दिवा लावला, फोटोला हार कधी घालू दिला नाही. मग तिनं विचारलं, "आँटी, तुम्ही तिथे होता ना? हे खरं आहे?"

मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं होतं तिला."